भिंगरीसाठी ओढलेली केबल

१२ जानेवारी

ताई,

तुमच्या खात्याचं परिपत्रक डाकगाडीने आलं आणि साहेबांनी ते आमच्या छावणीच्या दाराला चिकटवलं. नदीपलीकडच्या सगळ्या वस्त्यांना वायरलेस ब्रॉडबँड द्यायचं, केबलचं काम नदीपाशी थांबवायचं. खाली सही कुणाची, तर वायरलेस नियोजनाच्या प्रमुख बाईंची, म्हणजे तुझी. केबल ओढणाऱ्या टोळीच्या मुकादमाला सख्ख्या बहिणीने दिलेला घरचा आहेर बघून माझे गडी इतके हसले, की एकाचा चहा माझ्या बुटांवर सांडला.

मी रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण रागावलोय. हवेतून काय काय पाठवता येतं ते मलाही माहीत आहे. पण हवा सगळ्यांची असते. एक जण ओरडला की दुसऱ्याचं ऐकू येत नाही. केबलचं तसं नाही. एकदा टाकली की निमूट पडून राहते, आणि पुढे जास्त वेग हवा असला तर दोन टोकांच्या पेट्या बदलल्या की झालं.

आता मुद्द्याचं. भिंगरी आठ वर्षांची झाली. तिला ऐकू येत नाही हे कळल्यापासून मी आणि हिने पुस्तकात बघून बघून खुणांची भाषा शिकली आणि तिला जेवढी देता आली तेवढी दिली. आता आमच्याकडचं सगळं संपलंय. पोरगी काहीतरी विचारते, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. तुझ्या शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या बाई पडद्यावरून रोज तिचा तास घ्यायला तयार आहेत. त्यांची अट एकच, चित्र थांबता कामा नये. आपण बोलताना एखादा शब्द गळला तर अंदाजाने कळतं. भिंगरीसाठी हात म्हणजेच शब्द.

आम्हीच शहरात का येत नाही, असं तू विचारशील. तर या अख्ख्या खोऱ्यात तुझी भावजय ही एकच नर्स आहे. ती उठून आली तर इथल्या बाळंतिणींनी कुणाच्या दाराशी जायचं? आणि भिंगरीला एकटीला पाठवायचं नाही, हे आमचं पक्कं ठरलंय. तिला घरात राहून शिकायचंय आणि मी तिला शिकवणार. त्यासाठी मला केबल हवी. तुझा टॉवर तुलाच लखलाभ.

तुझा भाऊ (अजून तरी)


३ फेब्रुवारी

खड्डेसम्राट,

बूट पुसलेस का?

माझ्या ऑफिसात भिंतभर देशाचा नकाशा आहे. वरच्या टोकाच्या वस्त्या बघायच्या तर मला स्टुलावर चढावं लागतं, आणि शिपाई खालून स्टूल धरतो. एवढा मोठा देश तू खणून काढणार आहेस का? तुझी टोळी दगडात चर मारत नदीपलीकडे निघाली तर तुमच्या वस्तीला केबल मिळेल, मान्य. पण तुमच्या पुढच्यांना, आणि त्यांच्याही पुढच्यांना मिळेपर्यंत भिंगरीला नातवंडं झालेली असतील. तोवर त्या लोकांनी काय करायचं? टॉवर एका मोसमात उभा राहतो. ज्यांच्याकडे आज काहीच नाही, त्यांना आधी थोडं तरी द्यावं, असं मला वाटतं. तू म्हणतोस, सगळं द्या, पण फक्त मला आणि माझ्या शेजाऱ्याला.

हे लागलं असेल तर लागू दे. आपण फोनवर बोललो असतो तर तू एव्हाना फोन आपटला असतास. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

तुमचा टॉवर मी पहिल्या खेपेत घातलाय, आणि तो तुमच्यासाठी म्हणून नव्हे, नर्सच्या दवाखान्यासाठी. माझी माणसं गेल्याच महिन्यात टेकडीवर चढून आली. तिथून वस्तीपर्यंत नजर सरळ जाते, मध्ये काही म्हणजे काही नाही. भिंगरीचा तास व्यवस्थित होईल, शब्द देते.

आणि तोवर तिला माझ्याकडे का धाडत नाहीस? दुसरी खोली रिकामीच असते. शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. नुसतं सुचवलं हो, लगेच फुरंगटू नकोस.

ताई


२२ एप्रिल

ताई,

नाक घासतो. टॉवर चालू झाला.

भिंगरीने बाईंना पहिल्यांदा पडद्यावर बघितलं तेव्हा ती खुर्चीवर उभीच राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की असं हातांनी बोलणारी माणसं जगात आम्ही तिघंच. बाईंनी तिला नाव विचारलं आणि तिने एका दमात नाव, घर, शेजारचं कुत्रं, माझं घोरणं, सगळं सांगून टाकलं. घोरणं तिला कसं कळलं विचार. ती माझ्या पाठीला हात लावून झोपते.

आता रोज दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत तास असतो. ही औषधांच्या कपाटाला टेकून बघते, मी कामावरून लवकर सुटलो तर दारातून. पोरगी इतक्या झपाट्याने शिकतेय की आम्हा दोघांच्या नाकी नऊ आलेत. जेवताना नव्या खुणा करते आणि आम्हाला कळलं नाही की कपाळाला हात लावते. ती खूण मात्र तिने माझ्याकडूनच उचलली.

क्वचित चित्र अडकतं. बाई म्हणतात, चालायचंच. तू जिंकलीस, आता मिरवू नकोस. माझी टोळी नदीअलीकडे दुरुस्त्या करत बसलीय.

तुझा भाऊ


३० जून

अरे,

हे पत्र बसून, नीट वाच.

भिंगरीला घेऊन तुझी बायको आली. शाळेत पहिली परीक्षा होती, बाईंनी तिला इतर मुलांबरोबर बसवलं. मी मागच्या बाकावर होते. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस कसा येतो ते सांग. भिंगरी उठली, हात वर नेले आणि मध्येच थांबली. हात हवेत, बोटं ताठ, डोळे उघडे, श्वाससुद्धा धरलेला. मग एकदम शेवटची खूण. पुढच्या वाक्यातही तसंच. सुरुवात, थांबणं, आणि मधलं सगळं गाळून शेवट.

मुलं आधी गोंधळली, मग हसली. एक कार्टं उठून तिच्यासारखा पुतळा होऊन दाखवायला लागलं. भिंगरी त्या सगळ्यांकडे बघत राहिली. आपलं काय चुकलं हे तिला कळेना, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने बाईंना रोज असंच बोलताना बघितलंय. भाषा अशीच असते, मोठी माणसं मध्ये मध्ये थिजतात, हे ती मन लावून शिकलीय.

बाईंना वाटलं, पोरगी घाबरली. मला बघताक्षणी कळलं. टॉवरवर गर्दी झाली की चित्र ज्या चालीने अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं, त्याच चालीने तिचे हात चालत होते. आयुष्यभर मी ती चाल यंत्रांवर बघितलीय. माझ्या भाचीच्या हातांवर ती बघितली आणि मी तशीच उठले.

ऑफिसात जाऊन नोंदी काढल्या. मे महिन्यापासून तुमच्या टॉवरची ताकद ढासळलीय. आमची पाहणी झाली थंडीत, टेकडीच्या उतारावरची झाडं तेव्हा उघडी होती. नजर सरळ जात होती हे खरंच होतं. आता त्यांना पानं फुटलीत, आणि पानं लहरी अडवतात. त्यात दुपारी अख्खी वस्ती त्याच टॉवरवर येते, म्हणजे झाडं तोडूनही भागणार नाही. वस्तीला निरोप धाडायला, बातम्या बघायला तो पुरेसा आहे. या पोरीच्या तासाला नाही. मी शब्द दिला होता आणि तो खोटा ठरला.

बाई म्हणतात, ही सवय मोडायला तिला माणसांत बसवावं लागेल. तुझ्या बायकोने दवाखान्यासाठी परतताना भिंगरीला माझ्याकडे ठेवलं. तुला विचारायला ती थांबली नाही, कारण तू काय म्हणशील हे तिला माहीत होतं.

ताई


१९ जुलै

ताई,

घरी आलो तर पोरीचा बिछाना गुंडाळून ठेवलेला. हिच्याशी मी धड बोलत नाहीये.

तुझं पत्र वाचलं. पटलं. पण एक विचारतो. टॉवर तुझा, चूक तुझी, आणि पोरगी आली कुठे, तर तुझ्याच घरी? फेब्रुवारीत तू जे सुचवलंस तेच बरोब्बर घडलं. नदीपलीकडे केबल येऊ दिली नाही कुणी, तर तू. तुझं घर रिकामं असतं हे मला ठाऊक आहे, ताई. पण ते माझ्या पोरीने भरायचं नसतं.

तिला परत आणणार. परिपत्रक गेलं खड्ड्यात. खात्याने केबल दिली नाही तर मी दुसरीकडून आणीन आणि हातांनी ओढीन.


११ ऑगस्ट

बाबा रे,

तुझं पत्र मी फाडणार होते. मग ठेवलं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे.

भिंगरी आल्यापासून मला ऑफिसातून घरी जायची घाई असते. आधी दिवे लागेपर्यंत बसायचे, आता पाच वाजले की पर्स उचलते. ती दाराशी पाय आपटते, म्हणजे फरशीच्या थरथरीने मला कळावं की ती आलीय, आणि मी लाटणं खाली ठेवून धावते. मला ती इथे असलेली आवडते, फार आवडते. ती गेल्यावर त्या खोलीचं दार मला उघडवणार नाही. पण तिला ठेवून घ्यावं म्हणून मी तुमची केबल अडवली, हे मनातून काढून टाक. हेच ते उरलेलं अर्धं, आणि ते खोटं आहे. आणि ते खोटं ठरवायचं तर केबल माझ्याच हातून यायला हवी, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, माझी योजना सुधारायचीय. टॉवर राहू द्या, पुढच्या वस्त्यांना लवकर पोचायचं तर तोच मार्ग आहे. पण जिथे विजेचे खांब आधीच गेलेत तिथे चर कशाला मारायचा? त्याच खांबांवरून केबल टांगा. जिथे शाळा किंवा दवाखाना आहे तिथे आधी. साहेब म्हणाले, "बाई, तुमची भाची तिकडची ना? नियम तिच्यासाठी वाकवायचा का?"

"भाची आहे, आणि ते मीच तुम्हाला सांगणार होते," मी म्हटलं. "म्हणून या फायलीवर माझी सही नको. दुसऱ्या कुणालाही तपासायला द्या. पण तपासा."

त्यांनी खरोखरच दिली, आणि तीही माझ्याशी वर्षानुवर्षं वाकड्यात असलेल्या एका अभियंत्याला. त्याने चुका काढायचा जिवापाड प्रयत्न केला, दोन काढल्याही, त्या दुरुस्त केल्या. मग खालती लिहिलं, योग्य. साहेबांनी मंजुरी दिली. जाता जाता म्हणाले की सहा महिन्यांत मत बदलणाऱ्या प्रमुखाखाली लोक काम कसं करणार? आता मी भांडाराशेजारच्या टेबलावर बसते. नकाशा नाही, खिडकी आहे. मजेत आहे, माझी काळजी करू नकोस.

तुमच्या खोऱ्यासाठी केबलचे ड्रम निघालेत. मुकादम तूच आहेस. ओढ.

ताई

ता. क. बायकोशी बोल, मूर्खा.


२८ सप्टेंबर

ताई,

बोललो. आधी तिच्याशी बोललो आणि मग तुला लिहितोय. ते पत्र मी रागात लिहिलं होतं, तुझ्या जिव्हारी लागेल हे ठाऊक असून लिहिलं होतं. मला माफ कर.

काम जोरात चाललंय. खांबांवर चढून केबल ओढायची, दोन खांबांमध्ये ताण बघायचा, पुढे सरकायचं. चर मारण्यापेक्षा किती सुटसुटीत, हे मला आधी का सुचलं नाही म्हणून गडी मला चिडवतात. मीही खणायचाच हट्ट धरून बसलो होतो की.

एक विघ्न आलं. वळणावरची दरड कोसळली, चार-पाच खांब आणि त्यांच्यावरची नवी केबल घेऊन गेली. एका गड्याचा पाय मोडला. आमची ओढलेली केबल तिथेच मेली, आणि तुझा टॉवर मात्र वर ढिम्म उभा होता. पानाआडून का होईना, हिचा निरोप त्यानेच तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचवला, गाडी आली, डॉक्टर आले. वस्तीतले लोक म्हणाले, टॉवरविरुद्ध पुन्हा बोलायचं नाही. मी कुठे बोलतोय?

खांब पुन्हा रोवायला घेतलेत. थंडी कडक व्हायच्या आत केबल दवाखान्यात पोचवणार म्हणजे पोचवणार. भिंगरीला सांग, बिछाना पसरून ठेवलाय.

तुझा भाऊ


९ ऑक्टोबर

अरे शहाण्या,

पत्र तुझं आणि अक्षर तुझ्या बायकोचं. तुला बसून चार ओळी लिहिता येत नाहीत म्हणजे तू आडवा आहेस. पाय कुणाचा मोडला?

मी तिला टॉवरवरून गाठलं, तिने सगळं सांगितलं. तुझ्यावर मी आत्ता ओरडत नाही, ते उधार. प्लास्टर निघेपर्यंत खांबावर चढलास तर मी तिथे येऊन दुसरा पाय मोडीन.

भिंगरी उत्तम आहे. हात आता सलग चालतात. कधी दमली की एखादं वाक्य अडकतं, पण तिचं तिलाच कळतं आणि ती हसते. ज्या कार्ट्याने तिची नक्कल केली होती तो आता तिचा जिवलग मित्र आहे, दोघं मिळून बाईंना छळतात. शनिवारी माझ्या घरात सात मुलं हातांनी भांडत होती. एवढा गोंधळ आणि आवाज म्हणशील तर फक्त भांड्यांचा.

बाकीचं तीच तुला सांगेल, लाइन सुरू झाली की. मी मध्ये बोलणार नाही.

ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

अक्षर माझं आहे, बघून घे.

परवा लाइन सुरू झाली. खांबावर चढलो नाही, तुझी शपथ. खुर्ची टाकून खाली बसलो आणि वरच्या गड्यांना शिव्या देत राहिलो. शेवटचा जोड मात्र मी स्वतः केला, दवाखान्याच्या पायरीवर बसून, प्लास्टरचा पाय पुढे पसरून. केबलमधल्या केसाएवढ्या काचतंतूंची दोन टोकं यंत्रात समोरासमोर आणली, जुळली, आणि आत दवाखान्यातल्या पेटीचा दिवा लागला. हिने तपासायचे पेशंट बाहेर बसवून ठेवले होते, तेही बघायला आत आले.

तू शब्दाला जागलीस, ताई. हे कागदावर लिहितो, म्हणजे मला पुढे नाकारता येणार नाही. पुढच्या खोऱ्यातही खांब आहेत. तिथली शाळा अजून टॉवरवरच कशीबशी चालते, आणि तिथेही एक मुलगा आहे म्हणतात, ऐकू न येणारा. पाय बरा झाला की टोळी तिकडे नेतो. साहेबांना कळवलंय.

आता भिंगरीचं.

दुपारी पडद्यावर ती आली. मी केस विंचरून बसलो होतो, ही हसत होती मला. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या बोटावरचं खरचटलेलं दिसलं. ते काय म्हणून आधी तेच विचारलं. ती सांगायला लागली आणि मला काहीच कळेना. इतक्या भराभर. मी म्हटलं, सावकाश बोल. पहिल्यांदाच माझ्या पोरीला मी असं म्हटलं.

मग मी सांगितलं, लाइन आली, आता तू घरी ये, सगळे तास इथूनच होतील. तिने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाबा, मी इथेच राहते. सुट्टीत येते. तिकडे माझ्याशी तुम्ही दोघंच बोलता. इथे सगळे बोलतात."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर तूच तिला शिकवलं असशील. मग बघितलं, तिच्या मागे खोलीत कुणीच नव्हतं. तू बाहेर गेली होतीस. मी हिच्याकडे वळलो. ही डोळे पुसत होती, म्हणजे मला बरोबर समजलं होतं. तरीही मी म्हटलं, पुन्हा सांग. केवढी वणवण केली आपण, तू खुर्ची घालवलीस, मी पाय मोडून घेतला, आणि कशासाठी, तर पोरीने मला "नाही" म्हणावं म्हणून? रडूही येत होतं आणि रागही. तिने न कंटाळता पुन्हा सांगितलं. सावकाश, एक एक खूण सुटी करून, लहान मुलाला सांगावं तसं. हात कुठेही थांबले नाहीत. एकही शब्द गळला नाही.

तिचे गरम कपडे उद्याच्या गाडीने पाठवतोय. रात्री पांघरूण लाथाडते, लक्ष ठेव.

तर पडद्यावर भिंगरी माझ्या उत्तराची वाट बघत होती. "राहा"ची खूण सोपी आहे, मला ती नीट येते. दोन्ही हात वर घेतले आणि केली.

तुझा भाऊ